गोऱ्या गालांवर स्वस्त पावडर ब्लश दर वेळी फसतो तेव्हा काय तपासायचं

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. दीडशे-तीनशे रुपयांचा ब्लश घेतला. डबीत रंग छान, दुकानात मनगटावर लावून बघितला तेव्हाही छान. घरी गालावर लावला की एका जागी गडद ठिपका बसतो, बाजूला काहीच चढत नाही, पुसायला गेलं तर अजून पसरतो. किंवा सकाळी ठीक वाटलेला गुलाबी रंग दुपारपर्यंत विटकरी होतो. मग डबी कपाटात जाते आणि दुसरी शेड येते. तिचंही तेच होतं.

डबी बदलून हा प्रश्न सुटत नाही, म्हणूनच तो परत परत येतो. स्वस्त ब्लशमध्ये खरोखर खोट असते ती बरीच कमी वेळा. बहुतेकदा गडबड असते त्याच्या खालच्या थरात किंवा ब्रशमध्ये. डबीवर आणि शेडवर संशय घ्यायचा तो त्यानंतर. खालची तपासणीही त्याच क्रमाने लिहिली आहे.

गोऱ्या त्वचेवरच हे जास्त का होतं

गोऱ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, कमी असतं, त्यामुळे तिचा स्वतःचा रंग फिका आणि खालच्या रक्ताची लाली जास्त दिसते. त्यावर टाकलेला रंग आहे तसा उमटतो, आणि तो जिथे संपतो ती कडही दिसते. गव्हाळ किंवा सावळ्या गालावर ब्रशचे दोन फटके जास्त पडले तरी रंग त्वचेत मुरल्यासारखा दिसतो. गोऱ्या गालावर तेच दोन फटके गुलाल उधळल्यासारखे दिसतात.

दुसरं कारण बाजारातलं. आपल्याकडच्या स्वस्त ब्लशच्या बहुतेक शेड गव्हाळ ते सावळ्या रंगासाठी बनतात. भडक गुलाबी, विट, जांभूळ, तांबूस अशा. ते बरोबरच आहे, कारण गिऱ्हाईक तेच आहे. पण फिकट त्वचेवर या शेड ताकदीने जास्त पडतात. परदेशातल्या स्वस्त ब्रँडमध्ये उलट परिस्थिती असते. फिकट गुलाबी आणि पीच शेड भरपूर, त्यामुळे लंडन-टोरांटोत राहणाऱ्यांना शेड मिळते, पण तिथल्या हिवाळ्याने कोरडी पडलेली त्वचा वेगळाच त्रास देते. त्याबद्दल पुढे.

‘गोरी’ म्हणजे नक्की काय, हेही आधी ठरवलेलं बरं. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेची वर्गवारी मांडली, ती उन्हात त्वचा भाजते की काळवंडते यावर. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची त्वचा उन्हात चटकन लाल होते. आपल्याकडे ज्यांना लख्ख गोरं म्हणतात त्यांची त्वचा बहुधा तिसऱ्या-चौथ्या प्रकारात बसते. फिकट खरी, पण तिच्यात पिवळसर किंवा हिरवट झाक असते. त्यामुळे युरोपीय त्वचेसाठी दिलेला शेडचा सल्ला इथे सरसकट चालत नाही. गोरेपणा ही काही मिळवायची गोष्ट नाही. इथे तो फक्त रंग बसवण्यातली एक तांत्रिक अडचण म्हणून आला आहे.

आधी एक चाचणी: चूक कुठल्या थरात आहे

यात अर्धा तास जातो, पण पुढच्या चार डब्यांचे पैसे वाचतात.

चेहरा धुऊन साधं मॉइश्चरायझर लावा आणि २० मिनिटं थांबा. गोऱ्या त्वचेला धुताना आणि पुसताना घासल्यामुळे तात्पुरती लाली येते. ती उतरायला हवी, नाहीतर तुम्ही ब्लशच्या जागी स्वतःचीच लाली बघत बसाल. नंतर डाव्या गालावर दुसरं काहीही न लावता नुसता ब्लश लावा. वरच्या अर्ध्या भागात स्वच्छ, कोरड्या बोटाने, खालच्या अर्ध्या भागात नेहमीच्या ब्रशने. उजव्या गालावर मात्र रोजचं सगळं करा, सनस्क्रीन, फाउंडेशन जे काही असेल ते, आणि वर ब्लश. आता खिडकीपाशी जाऊन दिवसाउजेडी बघा. बाथरूमच्या दिव्याखाली नाही.

डावा गाल पूर्ण चांगला आणि उजवा डागाळलेला असेल तर दोष खालच्या थराचा. डाव्या गालावर बोटाने चांगला बसला आणि ब्रशने बसला नाही, तर ब्रशचा. दोन्हीकडे ओरखडे किंवा चट्टे आले तर डबीतल्या पावडरीचा किंवा कोरड्या त्वचेचा. सगळीकडे एकसारखा बसला पण रंगच नको तसा दिसला, तर आणि तरच शेड चुकली.

मनगटावरची चाचणी यातलं काहीच सांगत नाही. हाताची त्वचा गालाइतकी तेलकट नसते, तिचा रंगही वेगळा असतो, आणि बोटाने दाबून लावलेली पावडर ब्रशने लावलेल्या पावडरीपेक्षा कितीतरी दाट बसते. दुकानात तपासायचंच असेल तर टिश्यूवर थोडा घेऊन जबड्याच्या कडेजवळ लावा आणि दुकानाबाहेर येऊन आरशात बघा. टेस्टरची डबी थेट गालाला लावू नका. ती किती जणांच्या बोटांखालून गेली असेल याचा हिशोब नसतो.

दोष खालच्या थरात: ओल्यावर पावडर पडते आहे

सगळ्यात जास्त वेळा चूक इथेच निघते. पावडर ब्लश ओल्या किंवा चिकट जागेवर पडला की पहिल्या स्पर्शालाच तिथे धरून बसतो. ब्रश जिथे पहिल्यांदा टेकला तिथे गडद ठिपका, आणि पुढे ब्रश रिकामा. म्हणून दर वेळी डाग साधारण एकाच जागी येतो. तुमचा हात रोज त्याच जागेवरून सुरुवात करतो, एवढंच.

सनस्क्रीनच्या बाबतीत तर हे हमखास होतं. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून सनस्क्रीन लागतं, आणि ते कमी करू नये. पण एवढं लावल्यावर ते बसायला किमान १०-१५ मिनिटं हवीत. फाउंडेशनला ५ मिनिटं पुरतात. बसलं की नाही हे तपासायला टिश्यूचा एक पापुद्रा गालावर हलका दाबा. त्यावर तेलाचा ओला ठसा आला तर अजून थांबा, किंवा त्याच टिश्यूने दोन-तीनदा टिपून घ्या. पुसायचं नाही, फक्त टिपायचं.

त्यानंतर रंग नसलेली सेटिंग पावडर किंवा तुमच्या रंगाचा कॉम्पॅक्ट गालावर अगदी पातळ दाबायचा. पफ पावडरीला टेकवून हाताच्या पाठीवर झटकला की जेवढं उरतं तेवढं पुरे. हा थर ब्लशला सरकायला जागा देतो. जाड थापलात तर उलटा परिणाम, ब्लश वरच्या वर राहतो आणि तासाभरात उडून जातो.

ब्लश लावताना रबराच्या वळ्यांसारखे बारीक कण सुटत असतील तर तो ब्लशचा दोष नाही. खालची दोन क्रीम एकमेकांशी जमत नाहीत, बहुधा एक सिलिकॉनचं आणि एक पाण्याचं, किंवा पहिलं वाळायच्या आधी दुसरं लावलं गेलं. प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावतात ते क्रीम, वगळून बघा. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच थांबतं.

झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन असेल तर आणखी एक गोष्ट होते. त्याचा पांढरा पापुद्रा गोऱ्या त्वचेवर चटकन लक्षात येत नाही, पण त्वचा खडूसारखी होते आणि वरचा गुलाबी रंग निळसर-जांभळा दिसू लागतो. ‘आजारी दिसते’ ही तक्रार बहुतेक वेळा अशी असते. अशा सनस्क्रीनवर पीचकडे झुकणारी शेड बरी दिसते.

आणि फाउंडेशन. आपल्याकडे दुकानात खऱ्या रंगापेक्षा एक-दोन शेड उजळ फाउंडेशन गळ्यात मारायची पद्धत अजून गेलेली नाही. चेहरा पांढुरका, मान वेगळी, आणि त्या पांढऱ्यावर ब्लशचे दोन गोल. इथे ब्लश कितीही चांगला आणा, तो चिकटवल्यासारखाच दिसणार. फाउंडेशन जबड्यावर आणि मानेवर ओढून तपासा. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची शेड.

कोरडी त्वचा हा खालच्याच थराचा दुसरा प्रकार. हीटर चालू असलेल्या घरात किंवा नागपूर-नाशिककडच्या कडक थंडीत गालावर बारीक सालं निघतात. रंग त्या सालांच्या कडांना धरतो आणि गोऱ्या त्वचेवर ते लाल ठिपक्यांसारखं दिसतं. पावडर वाढवून हे झाकत नाही, वाढतंच. आदल्या रात्री व्हॅसलिन किंवा जाड क्रीम, सकाळी ओल्या मऊ कापडाने हलक्या हाताने सालं काढणं, मग मॉइश्चरायझर, मग थांबणं. तरीही धरत असेल तर ते दोन महिने क्रीम ब्लश वापरावा, हट्ट करू नये.

दोष ब्रशमध्ये

डबीसोबत आलेला चपटा, आखूड, ताठ केसांचा ब्रश ब्लश लावण्यासाठी नसतो. तो डबीत मावावा म्हणून तसा असतो. तो पट्टा ओढतो. गोऱ्या गालावर तो पट्टा कानापर्यंत दिसतो. डबी उघडल्यावर पहिलं काम, तो काढून टाकणं.

फिकट त्वचेला विरळ केसांचा, मऊ आणि फुगीर ब्रश लागतो. सगळ्यात चांगला ड्युओ-फायबर, म्हणजे खाली काळे दाट केस आणि वर पांढरे विरळ. पांढऱ्या टोकांवर रंग फारच कमी चढतो, आणि इथे नेमकं तेच हवं. तो नसेल तर कॉम्पॅक्टचा मोठा मऊ ब्रशही ब्लशच्या लहान दाट ब्रशपेक्षा बरा. डबीत नुसतं टोक टेकवायचं, गोल घोळवायचं नाही. मग ब्रशची दांडी दुसऱ्या मनगटावर दोनदा आपटायची, हाताच्या पाठीवर एकदा फिरवायचा, आणि नंतर गालावर न्यायचा. सुरुवात गालाच्या बाहेरच्या भागातून, कानाच्या बाजूने. पहिल्या स्पर्शाला सगळ्यात जास्त रंग सुटतो, तो नाकाजवळ नको.

जागा सांगायची तर नाकापासून दोन बोटं सोडून, आणि नाकाच्या शेंड्याच्या रेषेखाली उतरायचं नाही. हसून फुगलेल्या गालावर लावला तर चेहरा सैल सोडल्यावर रंग खाली उतरलेला दिसतो. गडद त्वचेवर हे खपून जातं, फिकट त्वचेवर गाल ओघळल्यासारखे वाटतात. तीन पातळ थर, मधे अर्धा-एक मिनिट. एका दमात हवा तेवढा रंग मिळवायचा प्रयत्न केला की फसलंच समजा.

ब्रश धुण्याला पर्याय नाही. जुन्या ब्रशच्या केसांत फाउंडेशन, तेल आणि आधीच्या शेडचा रंग साठलेला असतो, त्यामुळे नवा ब्लश कधी त्याच्या खऱ्या रंगात उमटतच नाही. आठवड्यातून एकदा कोमट पाणी, शाम्पूचा एक थेंब, केस खाली करून धुवायचे, धातूच्या पट्टीच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. वाळवताना टेबलाच्या कडेला आडवा ठेवायचा, केस बाहेर लोंबते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात वाळायला दीड-दोन दिवस लागतात, तेव्हा दोन ब्रश असलेले बरे. अर्धवट ओला ब्रश डबीत घातला की पुढची समस्या तयार.

दोष डबीत: रंगच उचलला जात नाही, किंवा धूर उडतो

पावडर ब्लशचा बहुतांश भाग टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं, आणि अभ्रक असतो. त्यात थोडी चिनी माती, धरून ठेवायला झिंक किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट आणि थोडं सिलिकॉन किंवा तेल, आणि मग रंग. रंगद्रव्यं महाग ब्रँडमध्येही साधारण तीच असतात. फरक पडतो तो पावडर किती बारीक दळली, रंग त्यात किती एकजीव झाला आणि डबीत किती दाबाने बसवली यात. स्वस्त मालात दाब कमी-जास्त होतो, म्हणून एकाच शेडच्या दोन डब्या वेगळ्या वागू शकतात.

डबीच्या पृष्ठभागावर चकचकीत, गडद डाग दिसतो आणि ब्रश त्यावरून नुसता घसरतो, तर वर कडक पपडी धरली आहे. बोटाचं किंवा ब्रशवरचं तेल, पाणी, फाउंडेशन पावडरीत दाबलं जाऊन ती तयार होते. चिकटपट्टीचा तुकडा पृष्ठभागावर हलका दाबून उचला, तीन-चार वेळा. तेवढ्याने नाही निघाली तर मस्काराचा धुतलेला कोरडा ब्रश किंवा नवा मऊ टूथब्रश एकाच दिशेने फिरवा, सुटलेली भुकटी टिश्यूवर झटकून टाका. पपडी गेल्यावरचा पहिला ब्रश जोरात रंग उचलतो, त्यामुळे त्या दिवशी जास्तच सांभाळून. नवी कोरी डबीच अशी असेल तर वरचा एक पातळ थर दाबाने कडक झालेला असतो. उपाय तोच.

उलट प्रकारात पावडर भुसभुशीत असते, ब्रश टेकवला की धूर उडतो आणि गालावर ठिपके पडतात. टिश्यूत गुंडाळलेलं एक सपाट नाणं डबीवर ठेवून अंगठ्याने सगळीकडे सारखं दाबा. ब्रश उभा न टेकवता आडवा, कडेने टेकवा. भुसभुशीत ब्लश मऊ केसांच्या ब्रशनेच लावावा, ताठ केस त्याला खणून काढतात.

ताकदीने जास्त असलेला ब्लश फेकून द्यायची गरज नाही. ब्रश आधी रंग नसलेल्या सेटिंग पावडरीत बुडवून झटका आणि मग ब्लशला टेकवा. रंग निम्म्यावर येतो. कायमचा हलका करायचा तर थोडा ब्लश खरवडून त्याच्या दुप्पट सेटिंग पावडरीत, छोट्या स्वच्छ डबीत, दाताच्या काडीने नीट मिसळा. बाळाची पावडर यात घालू नका. तिच्यात सुगंध असतो, दळण मेकअपइतकं बारीक नसतं आणि गालावर ती पांढरी उठून दिसते.

दुपारपर्यंत रंग गडद का होतो

याला सगळे ‘ऑक्सिडाइझ झाला’ म्हणतात. बहुतेक वेळा रंगाची रासायनिक वाट लागलेली नसते. कोरड्या पावडरीच्या कणांभोवती हवा असते, प्रकाश त्यांवरून खूप विखुरतो, म्हणून रंग फिका दिसतो. घाम आणि त्वचेचं तेल त्या कणांमध्ये शिरलं की हवेची जागा तेल घेतं. तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) हवेपेक्षा टाल्कच्या जवळचा असल्यामुळे प्रकाश विखुरणं कमी होतं आणि तोच रंग गडद दिसतो. ओली फरशी गडद दिसते, कारण हेच.

याचा अर्थ, तुमच्या गालावर दुपारी जो रंग दिसतो तो आधीच बघता येतो. ब्लश थोडा हातावर लावून त्यावर खोबरेल तेलाचा अगदी बारीक थेंब टेकवा. जो रंग होईल तो दुपारचा. त्यालाच पसंत करा किंवा शेड एक पायरी फिकी घ्या. शिवाय दिवसा तेल टिपायचं, वर पावडर चढवायची नाही. तेलावर चढवलेली पावडर पुन्हा गडद होते, आणि असे तीन थर झाले की संध्याकाळी गालावर लेप.

नुसता गडद नाही तर नारिंगी किंवा विटकरी होत असेल, तर मागच्या घटकांच्या यादीत बघा. लोहाचे ऑक्साइड, म्हणजे गेरूच्या जातीचे रंग (सीआय ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा; सीआय म्हणजे कलर इंडेक्स, यादीत लिहितात तो रंगाचा क्रमांक), जास्त असतील तर मूळ शेड तपकिरीकडे झुकलेली असते, आणि तेल लागल्यावर ते उघडं पडतं. सीआय १५८५० सारखे लाल रंग स्वच्छ गुलाबी-लाल राहतात. सीआय ४५४१० असेल तर सावध राहा. तो झगझगीत गुलाबी रंग फिकट त्वचेवर डाग सोडतो आणि ब्लश पुसल्यावरही तासन् तास दिसतो. ‘तुमच्या त्वचेप्रमाणे रंग बदलतो’ असं लिहिलेल्या ब्लशमध्ये बहुधा हाच असतो. गोऱ्या त्वचेवर तो सगळ्यांच्या गालावर जवळपास एकसारखाच गुलाबी होतो, त्यामुळे त्या दाव्याचे जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. शाकाहारी किंवा जैन घरात आणखी एक आकडा बघावा लागतो, सीआय ७५४७०. तो कारमाइन, कोचिनिअल किड्यांपासून बनतो.

यादीवरून रंग किती टक्के आहे हे मात्र कळत नाही. एक टक्क्यापर्यंतचे घटक आणि रंग शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिता येतात.

शेडच चुकली असेल तर

जिना भराभर चढून या आणि आरशात बघा. गालावर आलेली लाली हा तुमच्या त्वचेचा स्वतःचा ब्लश. त्याच्या जवळची, पण एक पायरी मळकट शेड घ्यायची. भडक नाही.

लाली निळसर-गुलाबी असेल तर फिकट थंड (निळसर) गुलाबी आणि मंद मॉव्ह, म्हणजे फिकट जांभळट, चालतात, पीच मात्र नारिंगी होतो. लाली पीच-तांबूस असेल तर पीच आणि मंद कोरल. त्वचेत हिरवट झाक असेल, मनगटावरच्या शिरा धड निळ्या नाहीत धड हिरव्या नाहीत आणि सोनं जास्त शोभतं की चांदी या परीक्षेतही काहीच ठरत नसेल, तर भडक गुलाबी आणि नारिंगी दोन्ही टाळा. धुरकट गुलाबी, जिला दुकानात ‘डस्टी रोझ’ म्हणतात, ती बहुतेक वेळा बसते. विट आणि तपकिरी शेड गोऱ्या त्वचेवर ब्लश न दिसता मळ दिसतात. भारतीय बाजारात ‘न्यूड’ नावाने मिळणारे ब्लश बरेचदा याच गटातले असतात.

चमकीचा ब्लश असेल तर अभ्रकाचे कण किती मोठे आहेत हे बघावं. बोटावर घेऊन उन्हात धरा. वेगवेगळे ठिपके चमकताना दिसले तर गालावरची रोमछिद्रंही तशीच चमकणार. एकसारखी ओलसर झाक दिसली तर चालेल.

गाल मुळातच लाल राहत असतील तर ब्लश वर, गालफडाच्या हाडाकडे न्या आणि मधला भाग फाउंडेशनने शांत करा. लालीबरोबर आग, पुळ्या, गरम वाटणं असेल तर रोझेशिया हा त्वचेचा आजार असू शकतो. तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचा, झाकायचा नाही.

कोड असलेल्या त्वचेवर ब्लशचा एकच थर पांढऱ्या भागावर गडद आणि बाजूला फिका दिसतो. आधी दोन्ही भाग फाउंडेशनने एका रंगावर आणायचे, मग ब्लश. आणि घासायचं मुळीच नाही, फक्त टेकवायचं, कारण कोडात घर्षणाच्या जागी नवे डाग येऊ शकतात.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी

लग्नघरात ही तक्रार ठरलेली. हळद लागल्यावर गोऱ्या चेहऱ्यावर पिवळेपणा दिवसभर तरी राहतो, आणि त्यावर नेहमीचा गुलाबी ब्लश लावला की नारिंगी दिसतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून साबणाने घासून उपयोग होत नाही, वर गाल लाल होतात ते वेगळंच. खोबरेल तेल किंवा क्लेन्झिंग बाम दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवून मऊ कापडाने टिपा, मग सौम्य फेसवॉश, गरज पडली तर पुन्हा एकदा. उरलेल्या पिवळेपणावर नेहमीपेक्षा किंचित निळसर गुलाबी शेड घ्या. हॉलच्या पिवळ्या दिव्यात ब्लश आणखी नारिंगी दिसतो आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून लग्नाच्या दिवशी एक थर जास्त चालतो. फ्लॅश लावून मोबाइलवर एक फोटो काढून बघितल्याशिवाय तो थर चढवू नका.

जास्त लागला, आता निघायला पाच मिनिटं आहेत

ओला टिश्यू हातात घेऊ नका. त्याने खालचा थरही निघतो आणि चट्टा पडतो. कॉम्पॅक्टचा स्वच्छ ब्रश कडांवर छोट्या गोलात फिरवा, मधल्या गडद भागावर फाउंडेशनचा वापरलेला स्पंज, त्यात जे काही उरलं असेल तेवढ्यावर, चार-पाच वेळा थापटा. एवढ्याने निम्मा रंग उतरतो.

डबी घेताना आणि ठेवताना

स्वस्त असणं वेगळं, नकली असणं वेगळं. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे डबीवर किंवा खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी हवी. आयात माल असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक. महागड्या ब्रँडचं नाव असलेला ब्लश फुटपाथवर शंभरला मिळत असेल आणि त्यावर यातलं काही नसेल, तर त्यापेक्षा साध्या नावाचा, पूर्ण लेबल असलेला दीडशेचा घ्या.

उघड्या डबीच्या चित्रात ‘२४ एम’ असं काही लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने. पावसाळ्यात डबीजवळ सिलिका जेलची पुडी ठेवा. वास बदलला, वर बुरशीसारखे ठिपके आले तर चिकटपट्टीचा इलाज इथे नाही, टाकून द्या.

नवा ब्लश कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सलग काही दिवस लावून बघा. खाज, पुरळ किंवा सूज आली तर थांबायचं. गोऱ्या गालावरची ही लाली ब्लशसारखीच दिसते, म्हणून संध्याकाळी मेकअप काढल्यावरही गाल लाल राहतात का, याकडे लक्ष असू द्या.

डबी पडून फुटली तर तुकडे दाताच्या काडीने पूर्ण चुरून भुकटी करा, एकही खडा राहता कामा नये, नाहीतर पुढे तोच खडा गालावर ओरखडा काढतो. ७० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने घाला. ३-४ ग्रॅमच्या डबीला १५-२० थेंब पुरतात, भुकटी ओल्या वाळूसारखी झाली की थांबा. टिश्यूत गुंडाळलेल्या नाण्याने सगळीकडून सारखं दाबा, टिश्यू बदलून पुन्हा एकदा. हे करताना गॅस, समई, उदबत्ती जवळ नको. डबी झाकण न लावता २४ तास ठेवा. दाबून बसवलेला ब्लश मूळपेक्षा कडक होतो, त्यामुळे पहिल्यांदा वापरण्याआधी वरचा थर चिकटपट्टीने उचलून टाका, आणि अल्कोहोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय तो गालाला लावू नका.